पिनाकाच्या ७२ रॉकेटांपुढे आयर्न डोम पुरेल का?

रॉकेटं हवेतच पाडणाऱ्या इस्रायलच्या आयर्न डोमचं रडार आधी एकच पाहतं: रॉकेट पडणार कुठे? समजा ही यंत्रणा आपल्याकडे असती, तर खडवलीच्या मोकळ्या माळावर पडणार असेल तर सोडून द्यायचं, कल्याणच्या वस्तीवर येत असेल तरच पाडायचं. म्हणून काहीशे डॉलरच्या रॉकेटवर साधारण ४०-५० हजार डॉलरचं तामिर क्षेपणास्त्र खर्च करणं परवडतं. वाचलेल्या जिवांचं मोल तर वेगळंच.

पण समोर सैन्य असेल तर? डीआरडीओच्या पुण्यातल्या एआरडीई प्रयोगशाळेने घडवलेल्या पिनाकाची एक बॅटरी, म्हणजे सहा लाँचर, ४४ सेकंदांत ७२ रॉकेटं डागते. आयर्न डोमच्या बॅटरीत तीन-चार लाँचर, प्रत्येकात २० तामिर. सगळा मारा एकाच लक्ष्यावर आला तर एका दमात साठा जवळपास संपला! माझ्या मते अशा युद्धात शत्रूचे लाँचरच शोधून फोडावेत. तामिर क्षेपणास्त्रं मात्र विमानतळ, दारूगोळ्याची कोठारं अशा मोजक्या ठिकाणांसाठी राखावीत.