सदतीस किलो, पण प्रकृती तोळामासा

यामाहा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोटारसायकल येते. खरे तर या जपानी घराण्याचे सुरांशी नाते जुने. १८८७ साली तोराकुसु यामाहा यांनी हामामात्सूच्या शाळेतला बिघडलेला ऑर्गन दुरुस्त केला, तिथून सुरुवात झाली. याच कंपनीने १९७४ मध्ये ‘बी-१’ हा स्टिरिओ पॉवर ॲम्प्लिफायर आणला. वजन सुमारे ३७ किलो, ताकद दर चॅनेलला १५० वॅट.

पॉवर ॲम्प्लिफायरचे काम तसे हमालीचे. रेकॉर्ड प्लेअरमधून निघणारा संकेत इतका अशक्त असतो, की स्पीकरचा पडदा त्याने हलत नाही. प्रीॲम्प्लिफायर त्याला जरा उभा करतो. ओझे उचलतो तो पॉवर ॲम्प्लिफायर.

आधी हे काम काचेचे व्हॉल्व्ह करत. आजोबांचा रेडिओ तापल्यावरच बोलू लागे, तो त्यांच्यामुळेच. मग ट्रान्झिस्टर आले. ते आटोपशीर होते, पण सुरुवातीच्या काही यंत्रांचा आवाज अनेक जाणकारांना रुक्ष वाटला. सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठातले जुनइची निशिझावा (निधन २०१८) आणि त्यांचे गुरू यासुशी वातानाबे यांनी १९५० मध्येच वेगळा विचार मांडला होता. ट्रायोड व्हॉल्व्हसारखा वागणारा, पण काचेविना चालणारा ट्रान्झिस्टर! त्याचेच पुढचे रूप म्हणजे व्ही-फेट, आणि तेच बी-१ चे हृदय.

पण या हृदयाला एक खोड आहे. आपला नेहमीचा नळ फिरवल्याशिवाय पाणी देत नाही. व्ही-फेटचा नळ मुळात उघडाच. तो ऋण व्होल्टेज देऊन सतत आवळून धरावा लागतो. या व्होल्टेजला बायस म्हणतात. मुख्य वीज पोचली आणि बायस आला नाही, तर ट्रान्झिस्टर क्षणात जळू शकतो. शिवाय बी-१ चे ते जाडजूड ट्रान्झिस्टर आता कुठेच तयार होत नाहीत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मॉसफेट आले. त्यांचा नळ मुळात बंद असतो, म्हणून कारखानदार तिकडे वळले. व्यवहार म्हणून ते बरोबरच होते, पण व्ही-फेट मागे पडला याची चुटपुट लागतेच.

असा जुना नग हाती आला तर हौसेने लगेच प्लग लावू नका. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. तिथल्या बाजारासाठी बनलेल्या नगाला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. शिवाय इतक्या वर्षांत आतले कपॅसिटर वाळलेले असू शकतात, आणि बायसचे मंडलही त्यांच्यावरच अवलंबून. म्हणून जाणता कारागीर आधी व्ही-फेट काढून बाजूला ठेवतो, बायस नीट येतो का ते मीटरवर तपासतो आणि मगच ते परत बसवतो. एखादा जळालेलाच निघाला, तर दुसऱ्या निकामी बी-१ मधून तो मिळवण्याखेरीज फारसा उपाय उरत नाही.