अर्धवेळ अभियांत्रिकी पदवी : सातारा-सांगली परिसरातील नोकरदार पदविकाधारक आणि मेकॅट्रॉनिक्सचे अध्यापन

प्रस्तावना

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांचा औद्योगिक इतिहास आणि शैक्षणिक इतिहास परस्परांत गुंतलेला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी 1910 मध्ये तत्कालीन औंध संस्थानच्या हद्दीत कारखाना व वसाहत उभारली. ती किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. तत्पूर्वी ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. अभियांत्रिकीची पदवी मात्र त्यांच्याजवळ नव्हती. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांची विक्री करणारे भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली व 1924 मध्ये संस्थेचे कार्य साताऱ्यास आणले. ‘कमवा आणि शिका’ ही त्यांची योजना पुढे महाराष्ट्रभर परिचित झाली.

या योजनेत श्रम हे शिक्षणाचे साधन होते. शेतात वा वसतिगृहात केलेल्या कामावर विद्यार्थ्याचा खर्च भागे. वर्गातील अभ्यासविषय त्या कामापासून स्वतंत्र असे. नोकरी सांभाळून उत्पादन अभियांत्रिकी व मेकॅट्रॉनिक्सची पदवी घेणाऱ्या पदविकाधारकाची स्थिती याहून निराळी आहे. तो दिवसभर ज्या यंत्रावर काम करतो, तेच यंत्र त्याचा अभ्यासविषय असते. महाविद्यालय या साम्याचा उपयोग कसा करते, यावर या पदवीची गुणवत्ता अवलंबून राहील, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पदवीचे मार्ग

सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय 1947 चे, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1960 चे. वसंतदादा पाटील यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात, 1983 मध्ये, विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी रयतचे साताऱ्यातील व राजारामबापू संस्थेचे साखराळे येथील महाविद्यालय सुरू झाले. म्हणजे या परिसरात महाविद्यालयांची वाण नव्हती. वाण होती ती नोकरदाराला शक्य होईल अशा वेळेची. पदविकाधारकास पदवीच्या थेट द्वितीय वर्षात प्रवेश मिळतो खरा, परंतु त्यासाठी तीन वर्षे वेतन सोडावे लागते. घरातील एकमेव कमावत्या व्यक्तीला हे परवडत नाही.

त्यामुळे अनेकांनी अन्य मार्ग धरले. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची ‘एएमआयई’ परीक्षा हा त्यांपैकी सर्वांत प्रतिष्ठित मार्ग होता. परंतु पदवीशी समकक्षतेची शासकीय मान्यता 31 मे 2013 पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरती मर्यादित झाली. दुसरा मार्ग दूरशिक्षणाचा. काही अभिमत विद्यापीठांनी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेविना दूरशिक्षणाद्वारे दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने 3 नोव्हेंबर 2017 रोजी निकाल दिला. 2001 ते 2005 या काळात प्रवेश घेतलेल्यांना परीक्षा देऊन पदवी टिकविण्याची संधी मिळाली. त्यानंतरच्या पदव्या रद्द ठरल्या. पदोन्नतीसाठी पदवी मिळवावी आणि दहा वर्षांनी तीच निरुपयोगी ठरावी, या अनुभवामुळे या वर्गात अर्धवेळ शिक्षणाविषयी जो अविश्वास निर्माण झाला आहे तो अनाठायी म्हणता येणार नाही.

2023-24 या शैक्षणिक वर्षापासून तंत्रशिक्षण परिषदेने मान्यताप्राप्त महाविद्यालयांना नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत पदवी व पदविका अभ्यासक्रम चालविण्याची मुभा दिली. किमान एक वर्षाचा पूर्णवेळ कामाचा अनुभव आणि कामाचे ठिकाण महाविद्यालयापासून ठराविक अंतराच्या आत असणे, या त्यातील प्रमुख अटी होत. कराड, किर्लोस्करवाडी, सांगली व मिरज ही स्थानके एकाच लोहमार्गावर आहेत. तरीही सायंकाळी पाळी सुटल्यावर वेळेवर वर्गात पोहोचवील अशी गाडी असेलच असे नाही. नकाशावरील अंतर व प्रत्यक्ष प्रवास यांत फरक राहतोच.

पाळीचे गणित

तीन पाळ्यांच्या कारखान्यात कामगाराची पाळी साधारणतः दर आठवड्याला बदलते. पहिल्या पाळीच्या आठवड्यात तो सायंकाळच्या वर्गास येऊ शकतो. रात्रपाळीच्या आठवड्यातही, झोप मोडून का होईना, येऊ शकतो. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात मात्र तो वर्गाच्या वेळी यंत्रावर असतो. पंधरा आठवड्यांच्या सत्रातील असे पाच आठवडे वजा केले तर दहा उरतात, म्हणजे सुमारे 67 टक्के. प्रचलित 75 टक्के उपस्थितीची अट एकही रजा न घेता त्याच्या हातून मोडते. हा विद्यार्थ्याचा आळस नव्हे, वेळापत्रकाचा दोष होय.

तासांचाही हिशोब करून पाहावा. सिद्धांत विषयाच्या एका श्रेयांकासाठी सत्रभरात 15 तासिका धरल्या, तर 20 श्रेयांकांसाठी आठवड्याला किमान 20 तास लागतात. प्रात्यक्षिके असल्यास अधिक. कामाच्या 48 तासांत हे मिळविले की 68 तास होतात, आणि त्यात प्रवास व स्वाध्याय धरलेला नाही. म्हणून दुसऱ्या पाळीतील विद्यार्थ्यांसाठी तोच पाठ सकाळी पुन्हा घेणे किंवा रविवारी सलग सत्र ठेवणे, यांपैकी एक तरी सोय हवी. कारखान्याने पाळी स्थिर ठेवण्याचे लेखी मान्य केल्यास उत्तमच. पण पदवी मिळताच कर्मचारी पुण्यास निघून जाईल या भीतीने व्यवस्थापने अशा पत्राबाबत सहसा हात आखडता घेतात.

मेकॅट्रॉनिक्स : जे ठाऊक आहे आणि जे नाही

‘मेकॅट्रॉनिक्स’ ही संज्ञा 1969 मध्ये जपानच्या यास्कावा इलेक्ट्रिक कंपनीतील अभियंता तेत्सुरो मोरी यांनी योजली. यांत्रिक रचना, विद्युत चालन, संवेदक आणि नियंत्रक यांचा एकत्र विचार, असा तिचा आशय आहे. देखभाल विभागात काम करणाऱ्या पदविकाधारकाला हे एकत्रीकरण पुस्तकापूर्वीच ठाऊक असते, कारण सीएनसी यंत्र बंद पडले की दोष बॉलस्क्रूचा, सर्व्हो मोटरचा, एन्कोडरचा की वायरचा, हे त्यालाच शोधावे लागते.

त्याच्या ज्ञानाची सीमा कोठे आहे हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मशिनिंग सेंटरचा एक अक्ष थांबण्याच्या जागी थरथरू लागला की अनुभवी तंत्रज्ञ त्या अक्षाचा गेन कमी करतो. थरथर थांबते. परंतु काही दिवसांनी तपासणी विभागाकडून तक्रार येते की मिलिंगने काढलेले गोल भोक गोल येत नाही. या दोन घटनांचा संबंध अनुभवाने सहज कळत नाही. तो समीकरणाने कळतो. साध्या स्थिती-नियंत्रणात, फीडफॉरवर्ड नसताना, स्थिर वेगाने जाणारा अक्ष आदेशाच्या मागे राहतो आणि हे मागे राहणे वेग भागिले गेन इतके असते. वेग 1200 मिलिमीटर प्रतिमिनिट, म्हणजे 20 मिलिमीटर प्रतिसेकंद, आणि गेन 20 प्रतिसेकंद असेल तर अक्ष 1 मिलिमीटर मागे राहील. गेन 16 केला तर 1.25 मिलिमीटर. दोन्ही अक्ष सारखेच मागे राहिले तर सरळ रेषेची दिशा बिघडत नाही व वर्तुळ वर्तुळच राहते. एकाचा गेन 20 व दुसऱ्याचा 16 झाला की वर्तुळाचे लंबवर्तुळ होते आणि त्याची लांब बाजू अक्षांशी 45 अंशांत तिरकी पडते. भोकाच्या विकृतीची ही दिशा पाहूनच दोष गेनमधील तफावतीचा असल्याचा तर्क करता येतो. बॅकलॅशचा दोष असता तर खूण निराळी, अक्ष दिशा बदलतो त्या बिंदूंपाशी, दिसली असती.

पूर्णवेळ विद्यार्थ्याला यातील समीकरण येते, पण अक्षाची थरथर त्याने बहुधा पाहिलेली नसते. नोकरदार विद्यार्थ्याचे याच्या उलट आहे. अशा वर्गात नियंत्रण-सिद्धांताचा आरंभ लाप्लास रूपांतराच्या व्याख्येने करण्याऐवजी त्या न जुळणाऱ्या भोकापासून करावा. मात्र ‘अनुभव आहे, गणित थोडे कमी चालेल’ ही सवलत देऊ नये. पदविका आणि पदवी यांत जो खरा फरक आहे तो नेमका याच ठिकाणी आहे आणि तो गाळला तर कारखान्यातील जुना पर्यवेक्षकही त्या पदवीला मान देणार नाही.

प्रात्यक्षिक, प्रकल्प व गणित

2023 मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात संबंधित कामाच्या अनुभवाला श्रेयांकात वजन देण्याची तरतूद आहे. तिचा वापर जपून व्हावा. सहा वर्षे एकाच लेथवर एकच जॉब काढलेला अनुभव आणि सहा वर्षे वेगवेगळ्या यंत्रांची देखभाल केलेला अनुभव प्रमाणपत्रावर सारखाच दिसतो. तोंडी परीक्षा शक्य तर कारखान्यातच, त्या विद्यार्थ्याच्या यंत्रासमोर घ्यावी. प्रकल्पही कारखान्यातील असावा. आरेखने गोपनीय असल्यास अहवालात मापे बदलण्याची अनुमती द्यावी, परंतु मोजमापांच्या मूळ नोंदी मार्गदर्शकाने प्रत्यक्ष पाहिलेल्या असाव्यात.

गणिताची अडचण सर्वांत निकडीची. पदविकेनंतर सात-आठ वर्षांनी परतलेल्या विद्यार्थ्याची कलनाची सवय सुटलेली असते आणि थेट द्वितीय वर्षात आल्याने प्रथम वर्षाचे गणितही त्याने केलेले नसते. त्यासाठी सत्रारंभापूर्वी सहा रविवारांचा पूर्वतयारी वर्ग घ्यावा. त्यात विकलन, संकलन आणि पहिल्या क्रमाची अवकल समीकरणे एवढेच शिकवावे आणि उदाहरणे तापणारी मोटर, भरणारी हवेची टाकी व थांबणारा स्पिंडल यांची द्यावीत. पहिला स्वाध्याय म्हणून प्रत्येकाने स्वतःच्या विभागातील स्पिंडल बंद केल्यापासून थांबेपर्यंतचा वेग दर सेकंदाला नोंदवून आणावा व त्याचा आलेख काढावा.