प्राथमिक स्तरावर विस्तारित नामपदबंधाचे अध्यापन : वर्णन आणि निश्चिती

नाम आणि त्याचा अर्थ मर्यादित वा विशद करणारे शब्द यांचा, वाक्यात एकाच नामाप्रमाणे वावरणारा गट म्हणजे नामपदबंध होय. 'पेटी' हे नाम. 'कोपऱ्यातली जुनी लाकडी पेटी' हा विस्तारित नामपदबंध. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात २०१४ पासून ही संकल्पना सहा-सात वर्षांच्या मुलांना शिकविली जाते. तेथे दिलेली उदाहरणे बोलकी आहेत : 'ब्लू बटरफ्लाय', 'प्लेन फ्लॉर' आणि 'मॅन इन द मून'. विस्ताराची दोन प्रयोजने अभ्यासक्रमाने सांगितली आहेत. एक वर्णन, दुसरे निश्चिती. फुलपाखराचा निळेपणा हे वर्णन झाले. परंतु 'प्लेन' हा शब्द पिठाची शोभा वाढवीत नाही, फुगविणारे द्रव्य न मिसळलेले पीठ कोणते एवढेच तो सांगतो. तो गाळला तर पदार्थ बिघडेल.

प्रत्यक्ष वर्गात मात्र या दोहोंपैकी वर्णनाचीच चलती झाली. प्राथमिक शिक्षणाच्या अखेरीस २०१३ पासून घेतल्या जाणाऱ्या व्याकरण-परीक्षेमुळे घटक ओळखून अधोरेखित करण्याकडे कल वाढला. बालसाहित्यकार मायकेल रोझेन यांनी या परीक्षांवर जाहीर टीका केली. सहा-सात वर्षांच्या मुलांना व्याकरण शिकविण्याच्या एका विशिष्ट कार्यक्रमाची चाचणी इंग्लंडमधील संशोधकांनी घेतली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात मुलांच्या कथालेखनात लक्षणीय सुधारणा आढळली नाही. व्याकरण शिकवूच नये, असा निष्कर्ष एका कार्यक्रमावरून काढणे घाईचे ठरेल. परंतु घटकाचे नाव सांगता येणे आणि तो घटक गरजेप्रमाणे वापरता येणे, या भिन्न गोष्टी आहेत.

मराठीतील स्थिती

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मराठीच्या शालेय व्याकरणाची मांडणी मुख्यतः शब्दांच्या जातींवर आधारलेली आहे. 'विशेषण ओळखा' हा प्रश्न त्याच परंपरेतील. विस्ताराची कल्पना मराठीस अपरिचित आहे असे मात्र नव्हे. वाक्यपृथक्करणात उद्देश्यविस्तार आणि कर्मविस्तार असे स्वतंत्र रकाने असतातच. अडचण अशी की, तेथे नाम एका रकान्यात आणि त्याचा विस्तार दुसऱ्यात जातो. त्यामुळे दोहोंचा मिळून एक घटक बनतो, ही मुख्य गोष्टच विद्यार्थ्याच्या नजरेआड होते.

हे एकत्व दाखविण्यास दोन सोप्या कसोट्या पुरेशा आहेत. पहिली सर्वनामाची. 'कोपऱ्यातली जुनी लाकडी पेटी उघडली' याऐवजी 'ती उघडली' असे म्हणता येते. 'ती' हा शब्द एकट्या पेटीची नव्हे, तर संपूर्ण गटाची जागा घेतो. 'कोपऱ्यातली जुनी लाकडी ती उघडली' असे कोणतेही मूल म्हणणार नाही. दुसरी कसोटी सामान्यरूपाची. पेटीला 'त' हा प्रत्यय लागताच 'कोपऱ्यातल्या जुन्या लाकडी पेटीत' असा सारा गट हलतो. 'लाकडी' तेवढे अविकारी असल्याने तसेच राहते. हे रूपांतर मराठी बोलणारे मूल शाळेत येण्यापूर्वीच सहजतेने करीत असते. शिक्षकाने त्याचे लक्ष त्याकडे वेधावयाचे आहे.

विशेषणाचे रूप अर्थही ठरविते. 'जुन्या बागेतले घर' आणि 'बागेतले जुने घर' यांत जुने काय, हे रूपावरून कळते. 'सुंदर बागेतले घर' म्हटल्यास 'सुंदर' अविकारी असल्यामुळे रूपाची मदत मिळत नाही. शब्दक्रमावरच विसंबावे लागते. अशा जोड्यांची चित्रे मुलांकडून काढून घेतल्यास चर्चेला वेगळे निमित्त लागत नाही.

निश्चितीसाठी वर्गातील दप्तरेच वापरता येतात. 'दप्तर आण' म्हटल्यावर 'कोणते?' हा प्रश्न येणारच. 'निळे दप्तर' म्हणावे, तर निळी तीन. 'खिडकीजवळचे निळे दप्तर' म्हणावे, तर तशी दोन. 'खिडकीजवळचे पट्टा तुटलेले निळे दप्तर' येथे शोध थांबतो आणि विस्तारही थांबला पाहिजे. त्यात 'सुंदर' घातल्याने काही साधत नाही, हे मुले स्वतःच सांगतात. निबंधातील 'उंच, हिरवेगार, डौलदार, मनोहर वृक्ष' पाहून गुण देणाऱ्या परीक्षकांनीही हा खेळ एकदा खेळून पाहावयास हरकत नाही.

आकलनाचा प्रश्न

या घटकाचे खरे महत्त्व भाषेच्या तासापेक्षा इतर विषयांच्या तासाला जाणवते. 'पहिल्या दिवशी विकलेल्या वह्यांची एकूण किंमत काढा' या गणितात नामपदबंधाचे मुख्य नाम 'किंमत' आहे. ज्या मुलाची नजर 'वह्या' या परिचित शब्दावर थांबते, ते वह्यांची संख्या काढून मोकळे होते. त्याची आकडेमोड बरोबर असते, उत्तर चुकते आणि शेरा गणितात कच्चा असल्याचा मिळतो. मराठीत मुख्य नाम गटाच्या अखेरीस येत असल्याने वाचकाला सर्व विशेषके मनात धरून शेवटपर्यंत जावे लागते. इयत्तेगणिक पाठ्यपुस्तकांतील असे गट लांबत जातात : 'पानांतील हरितद्रव्याच्या साहाय्याने तयार झालेले अन्न'. येथे 'काय?' असा प्रश्न विचारून प्रथम 'अन्न' गाठावे आणि 'कोणते?' असे विचारीत मागे यावे.

इंग्रजीच्या तासाला हीच बाब उलट दिशेने अडते. महाराष्ट्रात २००० पासून सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. 'चंद्रातला माणूस' यात माणूस शेवटी; 'मॅन इन द मून' यात तो आधी. 'काल आणलेली पुस्तके' या मराठी गटातील धातुसाधित विशेषण नामापूर्वी येते. इंग्रजीत ते काम बहुधा नामानंतरच्या संबंधी उपवाक्याकडे जाते. विशेषणांची यादी पाठ करून हा भेद उमगत नाही. दोन्ही गट फळ्यावर एकाखाली एक लिहून मुख्य नामाभोवती चौकट काढली, तर विशेषके तिच्या कोणत्या बाजूस आहेत हे तिसरी-चौथीच्या मुलांनाही दिसते.

मूल्यमापनाचे स्वरूपही त्यानुसार बदलावे लागेल. 'अधोरेखित शब्दाची जात सांगा' याऐवजी एकसारख्या चार वस्तूंचे चित्र देऊन त्यांपैकी एकच वस्तू ओळखू येईल असा नामपदबंध लिहावयास सांगावा. तो वाचून शेजारच्या मुलाला नेमकी तीच वस्तू दाखविता आली, तर उत्तर बरोबर. दाखविता आली नाही, तर कोणता शब्द कमी पडला हे त्या दोघांनाच शोधू द्यावे.