दमडी मशीद आणि शंभर मेगापिक्सेल

मिडियम फॉरमॅट डिजिटल कॅमेरा आता पुण्या-मुंबईत दिवसाच्या भाड्यानं मिळतो. तो घेऊन भंडारदऱ्याला, हरिश्चंद्रगडावर किंवा अहिल्यानगर शहरातल्या निजामशाही इमारतींपाशी येणारे छायाचित्रकार भेटतात. त्यांच्या बोलण्यात काही समजुती हटकून येतात. कॅमेरा लाखांच्या घरातला, म्हणून फोटो आपोआप वेगळाच येणार, ही त्या सगळ्यांच्या मुळाशी असलेली समजूत. तसं होत नाही. या कॅमेऱ्यातून जे मिळतं ते खरोखर मोलाचं आहे, पण ते नेमकं काय आणि कशानं मिळतं हे आधी कळलेलं बरं.

मुळात मिडियम फॉरमॅट आपल्याकडे परका नाही. ज्यांच्या घरी आग्फा क्लिक-३ होता, त्यांच्या अल्बममधले चौकोनी कृष्णधवल फोटो याच फॉरमॅटचे. १९०१ साली आलेला १२० नंबरचा रोल त्यात चढवायचा आणि बारा फोटो काढायचे. तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओत दोन भिंगांचा याशिका असे, तोही याच रोलवर चाले. त्या चौकोनाची बाजू ५६ मिलिमीटर. आज ज्याला मिडियम फॉरमॅट डिजिटल म्हणतात त्या फुजीफिल्म जीएफएक्स किंवा हॅसलब्लाड एक्स मालिकेतला सेन्सर साधारण ४४ बाय ३३ मिलिमीटरचा, म्हणजे त्या जुन्या चौकोनाच्या निम्म्याहूनही लहान. ३६ बाय २४ च्या फुल फ्रेमशी तुलना केली तर क्षेत्रफळ सुमारे १.७ पट भरतं. फेज वनचा ५३ बाय ४० चा सेन्सर अडीच पट जातो, पण तो सहसा कुणाच्या हाती पडत नाही. तेव्हा ‘मोठा सेन्सर’ म्हणताना किती मोठा आणि कशाहून मोठा, हे लक्षात ठेवायचं.

दुसरी समजूत अशी की सेन्सर मोठा म्हणजे त्यावरचा प्रत्येक पिक्सेलही मोठा. १०० मेगापिक्सेलच्या जीएफएक्सचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा आहे. ६१ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सोनीचाही तेवढाच, आणि १५१ मेगापिक्सेलच्या फेज वनचाही. पिक्सेल तोच, फक्त संख्येनं जास्त. याचा प्रत्यक्ष अर्थ दमडी मशिदीपुढे उभं राहिलं की कळतो.

ही मशीद अहिल्यानगरच्या भुईकोट किल्ल्याच्या पूर्वेला, भिंगारच्या बाजूला आहे. १५६७ च्या सुमारास साहिरखानानं ती बांधली. किल्ल्याच्या बांधकामावरच्या मजुरांनी एकेक दमडी काढून दिली आणि त्यातून ती उभी राहिली, अशी लोककथा आहे. इमारत लहान आहे, पण दगडावरचं कोरीवकाम इतकं बारीक की जिल्ह्यात त्याला तोड नाही. समजा, तिथली दोन मीटर रुंद भिंत आपण चौकट भरून टिपली. १०० मेगापिक्सेलच्या फ्रेमची रुंदी ११,६४८ पिक्सेल, म्हणजे भिंतीच्या एका मिलिमीटरला जवळपास सहा पिक्सेल. ६१ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात पावणेपाच येतात आणि १२ मेगापिक्सेलच्या फोनमध्ये दोन. फोनच्या तुलनेत फरक मोठा आहे, छिन्नीचे घाव वेगवेगळे मोजता येतील इतका. पण चांगल्या फुल फ्रेमच्या तुलनेत तो जमीन-अस्मानाचा नाही, आणि जो आहे तोही हातून सहज निसटतो.

निसटतो तो मुख्यतः तीन ठिकाणी. पहिलं ठिकाण अ‍ॅपर्चर. ‘सगळं शार्प हवं, मग एफ/१६ लावा’ ही फिल्मच्या काळातली सवय इथे नडते. एफ/१६ ला प्रकाशाच्या विवर्तनामुळे एका बिंदूची चकती सुमारे २१ मायक्रॉनची होते, म्हणजे जवळपास सहा पिक्सेल रुंद. पैसे मोजले शंभर मेगापिक्सेलचे आणि पदरात पडले त्याहून कितीतरी कमी. एफ/८ ला ती चकती तीन पिक्सेलच्या आत राहते. म्हणून सपाट भिंतीसाठी एफ/५.६ ते एफ/८, आणि कमानीच्या खोलीसाठी फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फ्रेम घेऊन त्या नंतर एकत्र करायच्या. हे काम कॅमेरा स्वतः करतो, मेन्यूत फोकस ब्रॅकेटिंग शोधायचं.

दुसरं ठिकाण हादरा. बॉडीतच स्थिरीकरण आल्यापासून ट्रायपॉड लागतच नाही असं बोललं जातं. रस्त्यावरच्या फोटोला ते खरं आहे. पण भिंतीची नोंद करताना सेन्सर भिंतीला अगदी समांतर हवा आणि दहा फ्रेमभर तसाच राहायला हवा, ते हातानं होत नाही. ट्रायपॉड लावायचा, कॅमेऱ्यातली लेव्हल बघायची, फोकस मॅन्युअलवर घेऊन लाइव्ह व्ह्यूमध्ये भिंत पूर्ण मोठी करून बघायची. फोकस मध्यावर बसला की चारही कोपरे तपासायचे. एक कोपरा मऊ दिसला तर दोष लेन्सचा नसून बहुधा आपण तिरके उभे असतो. मग आयएसओ ६४ किंवा १००, दोन सेकंदांचा टायमर, आणि बटणावरून हात बाजूला. दमडी मशीद केंद्रीय संरक्षित स्मारक आहे, तेव्हा ट्रायपॉड किंवा दिवे लावायचे असतील तर पुरातत्त्व विभागाची परवानगी आधीच घेऊन ठेवावी.

तिसरं ठिकाण उजेड, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. ‘सकाळचं सोनेरी ऊन’ हा मंत्र सगळ्यांनी पाठ केलेला आहे. पण आपल्याकडे मशिदीची किब्ल्याची भिंत पश्चिमेला आणि कोरीव दर्शनी बाजू पूर्वेला असते. सकाळी सातचं ऊन त्या नक्षीवर अगदी समोरून पडतं. रंग छान येतो आणि कोरीवकाम चपटं होऊन जातं. साडेअकरा-बाराच्या सुमारास ऊन भिंतीला घासून खाली उतरू लागतं, तेव्हा प्रत्येक खाचेत सावली भरते आणि दगड उठून दिसतो. तो वेळ थोडाच असतो. ट्रायपॉड, फोकस, लेव्हल सगळं त्याआधी तयार हवं. शंभर मेगापिक्सेल चपट्या उजेडाला खोली देऊ शकत नाहीत.

सोळा बिटबद्दलही असंच काहीबाही ऐकू येतं. १४ बिटमध्ये १६,३८४ पायऱ्या आणि १६ बिटमध्ये ६५,५३६, म्हणजे रंग चौपट, असं गणित मांडलं जातं. त्या शेवटच्या पायऱ्यांवर बहुतेक सेन्सरचा स्वतःचाच नॉइज बसलेला असतो. बेस आयएसओला, गडद सावल्या खूप उचलायच्या असतील तर थोडा फायदा दिसतो. आयएसओ वाढवला की तोही जातो, वर काही मॉडेलमध्ये सलग फोटोंचा वेग घटतो. सावल्या उचलण्याची ताकद मात्र या सेन्सरमध्ये खरोखर आहे, आणि त्यातूनच ‘उडालेलं आभाळही परत आणता येतं’ हा गैरसमज निघाला असावा. साम्रदच्या सांदण दरीत उतरलं की तळ काळोखा आणि वर आभाळाची लख्ख पट्टी. तिथे एक्स्पोजर आभाळाला सांभाळून घ्यायचं, तळ नंतर उजळता येतो. पट्टी एकदा पूर्ण पांढरी झाली की कोणताही सेन्सर ती परत देत नाही. पडद्यावरचा हिस्टोग्राम जेपीईजीवरून काढलेला असतो, त्यामुळे रॉ फाइलमध्ये त्याहून थोडी जागा असते, एवढाच दिलासा.

पार्श्वभूमी धूसर करण्याचं वेड असलेल्यांनी एक हिशेब करून बघावा. या सेन्सरवरची ११० मिलिमीटर एफ/२ ही लेन्स फुल फ्रेमच्या साधारण ८७ मिलिमीटर एफ/१.६ सारखी वागते. फुल फ्रेमवर ८५ मिलिमीटर एफ/१.४ सहज मिळते आणि ती त्याहून जास्त धूसर करते. हाच हिशेब अंधारालाही लागू पडतो. मे अखेरीस भंडारदऱ्याच्या परिसरात काजवे चमकू लागले की मोठा सेन्सर जास्त काजवे पकडेल या आशेनं लोक येतात. एफ/१.४ ची फुल फ्रेम लेन्स तिथे तेवढंच, किंबहुना जास्त देते. मिडियम फॉरमॅट वापरायचाच असेल तर लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवायचं. नाहीतर प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ काळी फ्रेम घेत बसतो आणि तेवढे काजवे वाया जातात. टॉर्च आणि फ्लॅश तर मुळीच नको. त्या उजेडानं काजव्यांचे एकमेकांना दिलेले इशारे बुडतात, आणि हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे.

कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला काळविटाची झेप टिपायला हा कॅमेरा नेऊ नये. नव्या मॉडेलचा फोकस सुधारला आहे, पण त्या कामाला हलका आणि चपळ कॅमेराच बरा.

लग्नाआधीच्या शूटिंगसाठी अहिल्यानगरजवळच्या चांदबीबी महालावर जाणाऱ्यांना एक गोष्ट उपयोगी पडेल. (ती इमारत खरं तर सलाबतखानाची अष्टकोनी कबर आहे, महाल नव्हे. तिथे वावरताना याचं भान असावं.) ‘मिडियम फॉरमॅटमध्ये फ्लॅश कोणत्याही शटर स्पीडला चालतो’ हे अर्धंच खरं. हॅसलब्लाडच्या एक्ससीडी लेन्समध्ये पानांचं शटर असतं, त्यामुळे १/२००० सेकंदालाही फ्लॅश पूर्ण लागतो आणि भर दुपारी मागचं आभाळ गडद करता येतं. जीएफएक्समध्ये पडद्याचं शटर आहे, तिथे मर्यादा १/१२५. त्यापुढे नेहमीच्या फ्लॅशनं चौकटीत काळा पट्टा येतो, तो टाळायचा तर हायस्पीड सिंक वापरावं लागतं आणि त्यात फ्लॅशची ताकद घटते. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं तर सेन्सर वरून खाली वाचायला वेळ लागतो. चालत्या माणसाचा आकार तिरपा होतो आणि एलईडीच्या उजेडात पट्टे उमटतात. नवरीच्या रेशमी साडीवर कधी इंद्रधनुषी लाटा दिसतात, त्या मात्र शटरमुळे नसतात. विणीचा आणि पिक्सेलचा मेळ बसला की त्या येतात, जरा पुढे-मागे सरकलं की जातात.

राहिल्या फाइली. १०.२ कोटी पिक्सेल, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे कॉम्प्रेस न केलेली एक रॉ फाइल सुमारे २०० एमबीची. दमडी मशिदीवर एका दुपारी तीनशे फ्रेम झाल्या तर ६० जीबी, आणि दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच. नोंदीसाठी काम करत असाल तर प्रत्येक भिंतीच्या पहिल्या फ्रेममध्ये रंगपट्टी आणि मोजपट्टी ठेवा, आणि फाइलच्या नावात तारीख, दिशा, भिंतीचा भाग लिहा. ऊन-पावसानं दगडाच्या कडा झिजत आहेत. वीस वर्षांनी कुणाला ती झीज मोजायची झाली, तर आजच्या फोटोतला एक मिलिमीटर म्हणजे किती पिक्सेल, हे त्याला त्या मोजपट्टीवरूनच काढावं लागेल.