तिकिटाचा दर आणि जहाजाचा झेंडा

(समुद्रपर्यटन : व्यवसाय आणि व्यवहार – लेखांक चौथा)

१९६६ च्या अखेरीस मायामीहून सुरू झालेल्या ‘सनवर्ड’ जहाजाच्या सहलींपासून जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या सफरीला निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’पर्यंत या व्यवसायाची वाढ कशी झाली, याचा आढावा मागील लेखांकात घेतला गेला. या दुसऱ्या जहाजाचा सकल टनभार, म्हणजे वजन नव्हे तर जहाजातील एकूण बंदिस्त जागेचे माप, सुमारे अडीच लाख असून त्यावर साडेसात हजारांहून अधिक प्रवासी आणि दोन हजारांहून अधिक कर्मचारी मावतात. एवढ्या मोठ्या तरंगत्या वसाहतीत राहण्या-जेवण्याचा खर्च किनाऱ्यावरील बऱ्या हॉटेलइतका किंवा त्याहूनही कमी येतो, असे काही प्रवासी समाधानाने सांगतात, तर परतताना हाती पडलेले बिल पाहून आपण लुबाडले गेलो अशी काहींची भावना होते. ही दोन्ही मते एकाच व्यवहाराच्या दोन टोकांवर उभी राहून बनलेली आहेत आणि त्यामुळे दोन्ही खरी आहेत. मधला व्यवहार उलगडून पाहिल्याशिवाय त्यांचा मेळ लागत नाही.

जाहिरातीतला दर बहुधा दरडोई असतो आणि एका केबिनमध्ये दोघे राहणार हे त्यात गृहीत धरलेले असते. एकट्याने जाणाऱ्याला रिकाम्या राहिलेल्या दुसऱ्या जागेचा भार सोसावा लागतो आणि हा अधिभार अनेकदा भाड्याइतकाच, म्हणजे शंभर टक्के असतो. २०१० मध्ये ‘नॉर्वेजियन एपिक’ या जहाजावर एकट्या प्रवाशांसाठी मुद्दाम बांधलेल्या लहान केबिन आल्या आणि पुढे इतर कंपन्यांनीही तसे प्रयोग केले, तरी एकंदर केबिनांच्या संख्येत त्यांचा वाटा अजून अल्पच आहे. भाड्यावर बंदर शुल्क आणि कर चढतात. ही रक्कम बंदरांनी आणि सरकारांनी बसवलेली असली, तरी ती छोट्या अक्षरांत वेगळी दाखवण्याची प्रथा वर्षानुवर्षे चालू होती, आणि ती मोडली कॅलिफोर्निया राज्याच्या एका कायद्याने. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या कायद्यानुसार ग्राहकाला सक्तीने भरावे लागणारे शुल्क जाहिरातीतील किमतीतच धरणे बंधनकारक झाले, आणि एका राज्यासाठी वेगळी जाहिरात करण्यापेक्षा संपूर्ण अमेरिकेत एकत्रित दर दाखवणे मोठ्या कंपन्यांनी पसंत केले. जी सुधारणा वर्षानुवर्षे झाली नव्हती ती एका तारखेला, फारसा गाजावाजा न होता, घडून आली ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

भाडे कमी ठेवणे कंपन्यांना परवडते, कारण त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग प्रवासी जहाजावर चढल्यानंतर जमा होतो. कार्निव्हल कॉर्पोरेशन या सर्वांत मोठ्या समूहाच्या एकूण महसुलापैकी सुमारे एक तृतीयांश महसूल तिकिटाबाहेरचा, म्हणजे मद्य, कॅसिनो, दुकाने, इंटरनेट, छायाचित्रे, विशेष उपाहारगृहे आणि बंदरावरील सहली यांतून येतो. मुख्य भोजनगृह, सर्वसाधारण जेवण, करमणुकीचे बहुतेक कार्यक्रम आणि पोहण्याचे तलाव भाड्यात धरलेले असतात. शीतपेयेसुद्धा अनेक जहाजांवर धरलेली नसतात. पेयांसाठी दररोजच्या ठरावीक रकमेचे पॅकेज विकले जाते आणि एका केबिनमधील एका प्रौढाने मद्याचे पॅकेज घेतले, तर त्याच केबिनमधील इतर प्रौढांनीही ते घेतले पाहिजे, असा नियम अनेक कंपन्यांनी केला आहे. एकाच्या पॅकेजवर दोघांनी पिऊ नये एवढाच त्यामागचा हेतू असला, तरी मद्याला न शिवणाऱ्या जोडीदाराकडून त्याची किंमत वसूल करणारा हा नियम समर्थनीय ठरत नाही. बंदरावरील सहलींबाबत मात्र कंपनीचा अधिक दर सर्वस्वी निरर्थक नसतो, कारण कंपनीमार्फत घेतलेली सहल उशिरा परतली तर जहाज सहसा थांबते, अथवा मागे राहिलेल्या प्रवाशांना पुढच्या बंदरावर पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. स्वतःच्या भरवशावर फिरायला गेलेल्या प्रवाशासाठी जहाज थांबत नाही आणि पुढचे बंदर गाठण्याचा खर्च त्यालाच करावा लागतो.

या सर्व आकारण्यांत सर्वाधिक मतभेद आहेत ते टिपेविषयी. बहुतेक अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर प्रत्येक प्रवाशाच्या खात्यावर दररोज साधारणपणे १६ ते २० डॉलर ‘ग्रॅच्युइटी’ म्हणून आपोआप चढवले जातात, सुइटमध्ये राहणाऱ्यांकडून थोडे अधिक घेतले जातात, आणि मद्य किंवा विशेष भोजनाच्या बिलावर १८ ते २० टक्के सेवाआकार निराळा लागतो. १८ डॉलरचा दर धरला तर सात रात्रींच्या सफरीत एका जोडप्यामागे २५२ डॉलर होतात. अनेक कंपन्यांच्या नियमांत ही रक्कम ऐच्छिक असून ती कमी करून किंवा काढून टाकून मागण्याची सोय आहे. परंतु तसे करायला प्रवाशाने सेवाकक्षासमोर उभे राहून आपल्या केबिनची झाडलोट करणाऱ्याच्या कमाईतून पैसे कापा असे सांगावे लागते, आणि सभ्य माणसाला ते बहुधा साधत नाही. कंपनीच्या दृष्टीने ही व्यवस्था सोयीची आहे, कारण वेतनाचा एक भाग भाड्यातून निघून प्रवाशाच्या सदसद्विवेकाकडे सोपवला जातो आणि जाहिरातीतला दर तेवढा खाली राहतो.

या वेतनाशी महाराष्ट्राचा आणि विशेषतः गोव्याचा संबंध जुना व जिव्हाळ्याचा आहे. पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या प्रवासी जहाजांवर एकोणिसाव्या शतकापासून गोमंतकीय स्वयंपाकी व स्ट्यूअर्ड काम करीत आले, आणि बोटीची वाट पाहणाऱ्या या तारवट्यांना मुंबईत आसरा मिळावा म्हणून धोबी तलाव आणि माझगाव परिसरात गावोगावच्या लोकांनी आपापले क्लब, म्हणजे कूड, उभारले. आजच्या क्रूझवरही फिलिपीन्स व इंडोनेशियातील कर्मचाऱ्यांबरोबर भारतीय मोठ्या संख्येने आढळतात. त्यांच्या कामाच्या अटी सागरी कामगार करार, २००६ या आंतरराष्ट्रीय कराराने बांधलेल्या आहेत. हा करार २० ऑगस्ट २०१३ रोजी अमलात आला आणि भारताने २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली. चोवीस तासांत किमान दहा तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती, अथवा त्याऐवजी चोवीस तासांत जास्तीत जास्त चौदा आणि आठवड्यात जास्तीत जास्त ७२ तास काम, अशी मर्यादा तो घालतो, आणि नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून दलाली घेण्यास मनाई करतो. म्हणूनच नौवहन महासंचालनालयाकडे नोंद नसलेल्या आणि आगाऊ पैसे मागणाऱ्या एजंटापासून गोव्यातील व कोकणातील तरुणांनी दूर राहावे, हे पुन्हा पुन्हा सांगणे अगत्याचे आहे. पण या मर्यादा पाळूनही सहा-आठ महिन्यांच्या करारात सुट्टीचा पूर्ण दिवस क्वचितच वाट्याला येतो, हेही प्रवाशाने ध्यानात घ्यायला हवे. अशा श्रमाचे मोल टिपेच्या नावाखाली अनिश्चित ठेवणे अन्याय्य आहे, आणि ते भाड्यात समाविष्ट करणे शक्य आहे याचा पुरावा ब्रिटनमध्ये मिळतो. तिथल्या पी. अँड ओ. क्रूझेसने २०१९ मध्ये दैनंदिन टिपेची आकारणी बंद केली आणि मरेला क्रूझेसही टीप भाड्यातच धरते.

हे वेतन एवढे कमी कसे ठेवता येते, याचे उत्तर जहाजाच्या मागच्या टोकावर फडकणाऱ्या झेंड्यात आहे. समुद्रावरील जहाजावर सामान्यतः त्याची नोंदणी ज्या देशात झाली त्या देशाचा कायदा चालतो. मालकाचा त्या देशाशी व्यापारापलीकडे संबंध नसतानाही सोपे नियम आणि कमी कर यांसाठी तेथे नोंदणी करण्याच्या पद्धतीला ‘सोयीचा झेंडा’ म्हणतात. मायामीतून कारभार चालवणाऱ्या कंपन्यांची बहुतेक जहाजे बहामाज, पनामा, माल्टा किंवा बर्म्युडा येथे नोंदलेली असतात; खुद्द कार्निव्हल कॉर्पोरेशन पनामाच्या, तर रॉयल कॅरिबियन लायबेरियाच्या कायद्याखाली स्थापन झाली. अमेरिकी ध्वजाखाली चालणारे मोठे क्रूझ जहाज ‘प्राइड ऑफ अमेरिका’ हे एकच असून ते हवाई बेटांमध्ये फिरते.

झेंड्याचा परिणाम प्रवाशाच्या मार्गावरही होतो, आणि तो कसा होतो याचे सर्वांत बोलके उदाहरण अलास्काचे आहे. देशी जहाजमालकांना परकी स्पर्धेपासून संरक्षण देण्यासाठी अमेरिकेने १८८६ मध्ये प्रवासी जहाज सेवा कायदा केला. त्यानुसार परदेशी ध्वजाच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेऊन सोडता येत नाहीत, आणि अमेरिकेच्या एखाद्या बंदरातून निघून तिथेच परतणारी सफर असेल तर वाटेत किमान एका परदेशी बंदराला लागावे लागते. नियम मोडल्यास प्रवाशामागे दंड बसतो. म्हणूनच सिअॅटलहून अलास्काला जाणारी जहाजे कॅनडातील व्हिक्टोरिया बंदरात, बऱ्याचदा संध्याकाळच्या काही तासांपुरती, थांबतात आणि कॅलिफोर्नियाहून हवाईला जाणारी मेक्सिकोतील एन्सेनाडा येथे थांबतात. कोविडच्या काळात कॅनडाने आपली बंदरे क्रूझसाठी बंद केली, तेव्हा अलास्काचा संपूर्ण हंगाम बुडू नये म्हणून अमेरिकी काँग्रेसला २०२१ मध्ये तात्पुरत्या सवलतीचा वेगळा कायदा करावा लागला.

या जुन्या कायद्याची झळ पुण्या-नाशिकहून मुलांकडे अमेरिकेला गेलेल्या ज्येष्ठांनाही लागू शकते. त्यांच्याकडे अमेरिकेचा पर्यटक व्हिसा असतो, सफर अमेरिकेतूनच निघते आणि अमेरिकेतच संपते, म्हणून आणखी कशाचीच गरज नाही असे घरातले सगळे समजतात. परंतु जहाज व्हिक्टोरियाला लागणार असल्यामुळे भारतीय पासपोर्टधारकाला, अमेरिकेचे ग्रीन कार्ड नसल्यास, कॅनडाचा व्हिसा लागतो. आवश्यक कागद नसल्यास कंपनी प्रवाशाला जहाजावर चढू देत नाही आणि भाडेही परत करत नाही. हाच प्रकार अन्यत्रही घडतो : अथेन्सहून निघून तुर्कस्तानातील कुशादासीला जाऊन परतणाऱ्या सफरीसाठी शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा, आणि सिंगापूरहून मलेशियाला जाऊन परतणाऱ्या सफरीसाठी सिंगापूरचाही तसाच.

कागदपत्रांची ही जबाबदारी संपूर्णपणे प्रवाशावर टाकणारे कलम तिकिटाच्या करारात असते. हा करार बहुतेक प्रवासी वाचत नाहीत, परंतु त्याची ताकद किती आहे हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ‘कार्निव्हल क्रूझ लाइन्स विरुद्ध शूट’ या खटल्यात दाखवून दिले. वॉशिंग्टन राज्यातील एक महिला मेक्सिकोच्या किनाऱ्यालगत जहाजावर घसरून पडली आणि तिने आपल्या राज्यात नुकसानभरपाईचा दावा केला. तिकिटावर मात्र सर्व दावे फ्लोरिडातच चालतील असे छापलेले होते. न्यायालयाने ते कलम बहुमताने वैध ठरवले. दाव्यांचे ठिकाण एकच असल्याने कंपनीचा खर्च वाचतो आणि त्या बचतीचा लाभ प्रवाशाला कमी भाड्याच्या रूपाने मिळतो, असे एक कारण निकालात दिलेले आहे. हे कारण तर्काला धरून असले तरी भाडे किती कमी झाले आणि हक्क किती गेला याचा हिशेब कोणत्याही माहितीपत्रकात मांडलेला नसतो, आणि ज्याची किंमत सांगितलेली नाही तो सौदा मोकळ्या संमतीचा म्हणता येत नाही.

कराराची इतर कलमेही अशीच एका बाजूला झुकलेली असतात. हवामान किंवा अन्य कारणाने एखादे बंदर गाळले तर सहसा फक्त त्या बंदराचे शुल्क परत मिळते. शेवटचा हप्ता सफरीच्या साधारण ७५ ते ९० दिवस आधी भरावा लागतो आणि त्यानंतर रद्द केल्यास कपात पायरीपायरीने वाढत पूर्ण भाड्यापर्यंत जाते. जहाजावरील दवाखान्याचे बिल वेगळे येते, आणि तिथला डॉक्टर स्वतंत्र असल्याने त्याच्या चुकीला कंपनी जबाबदार नाही, ही भूमिका अमेरिकी न्यायालये दीर्घकाळ मान्य करीत होती. २०१४ मध्ये अकराव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने ती नाकारली, हा प्रवाशांच्या बाजूने झालेला महत्त्वाचा बदल होय. तरीही वैद्यकीय उपचार व हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च यांचा समावेश असलेला प्रवास विमा स्वतंत्रपणे घेणे आवश्यक आहे, कारण भारतातील नेहमीचा आरोग्य विमा साधारणतः परदेशातील उपचारांना लागू होत नाही.

भारताने किनारी वाहतुकीबाबत अमेरिकेच्या उलट दिशा धरली असून परदेशी ध्वजाच्या क्रूझ जहाजांना भारतीय बंदरांदरम्यान प्रवासी नेण्याची सवलत २००९ पासून दिली. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या सफरी सुरू झाल्या आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई बंदरातच क्रूझ पर्यटनाच्या वाढीसाठीच्या ‘क्रूझ भारत मिशन’ची घोषणा झाली. बंदरे आणि टर्मिनल यांवर खर्च होत असताना दरातील पारदर्शकतेचा नियमही याच टप्प्यावर यायला हवा, कारण व्यवसाय लहान असताना घातलेली शिस्त टिकते. हक्कांच्या बाबतीत मात्र भारतीय ग्राहक अगदीच निराधार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरीधंदा करतो तेथील ग्राहक आयोगाकडे तक्रार नेता येते. परदेशी कंपनीच्या संकेतस्थळावर थेट आरक्षण करणाऱ्यापेक्षा भारतातील प्रवास कंपनीकडून पावती घेऊन तिकीट काढणाऱ्याला या तरतुदीचा आधार अधिक सहजपणे मिळू शकतो, कारण विक्रेता इथल्या कायद्याच्या कक्षेत असतो. त्यासाठी भाडे, शुल्के आणि टीप यांची फोड असलेली पावती आणि तिकिटाच्या कराराची प्रत आरक्षणाच्या वेळीच मागून घ्यावी.

(पुढील लेखांकात : जहाजावरील आरोग्यव्यवस्था आणि स्वच्छतेची तपासणी)