शेतीचं पोरगं अन् कॉलेजातलं इंग्रजी

बारावीला बऱ्यापैकी मार्क पाडून पोरगं कृषी महाविद्यालयात जातं. घरच्यांना वाटतं, शेतीचंच शिकायचं, त्यात काय अवघड? पण राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांत पदवीचं शिक्षण इंग्रजीतून चालतं. मराठी शाळेतून आलेला मुलगा तिथंच अडतो.

कांद्याला डेंगळे आले की पुस्तकात ‘बोल्टिंग’. साध्या शब्दकोशात बोल्ट म्हणजे कडी! गहू लोळला की ‘लॉजिंग’; हा शब्द त्यानं पाहिलेला एस.टी. स्टँडसमोरच्या पाटीवर. डेंगळे अन् लोळलेला गहू लहानपणापासून पाहिलेला मुलगा परीक्षेत गप्प बसतो. मग पाठांतर.

इंग्रजीचा पेपर असतो, नाही असं नाही. पाचव्या अधिष्ठाता समितीने आखलेल्या अभ्यासक्रमात पहिल्या सत्राला त्यासाठी अवघे २ क्रेडिट होते. एवढ्याशा वेळात काय शिकवावं? ब्रिटनमधील हचिन्सन व वॉटर्स या अभ्यासकांनी १९८७ साली याबाबत मांडणी केली. कामाला काय लागतं, त्यातलं काय येत नाही आणि मुलाला स्वतःला काय हवंय, हे तिन्ही आधी तपासा. माती तपासल्याशिवाय आपण खताची मात्रा ठरवत नाही, तसंच हे.

ब्राझीलने हे करून दाखवलं. तिथली भाषा पोर्तुगीज. १९८० च्या सुमारास अंतोनिएता सेलानी यांच्या पुढाकाराने विद्यापीठांत आधी चौकशी झाली. विद्यार्थ्यांना इंग्रजी मुख्यतः वाचायला लागतं, असं निघालं. तेव्हा फाडफाड बोलण्याचा आग्रह सोडून वाचनावर जोर दिला, अन् वर्गात समजावून सांगायला पोर्तुगीज खुशाल वापरली.

आपल्याकडे उत्तरंही इंग्रजीत लिहायची असतात, त्यामुळे जशीच्या तशी नक्कल चालणार नाही. पण इंग्रजीच्या तासाला आवडत्या नेत्यावरचा निबंध कशाला? माती परीक्षणाचा अहवाल, औषधाच्या डब्यावरचं लेबल, उत्पादनाचे तक्ते, प्रात्यक्षिकाची वही हेच धडे व्हावेत. ‘बियाण्याला प्रक्रिया केली’ म्हणताना कुणी केली ते आपणही सांगत नाही. प्रात्यक्षिकाच्या वहीतलं इंग्रजी वाक्यही तसंच असतं. मराठीतून सांगितलं तर दोन मिनिटांत कळेल.

यासाठी इंग्रजीच्या सरांनी कृषिविद्येच्या सरांना विचारायला हवं, की पोरं नेमकी कुठं अडतात. पालकांनीही प्रवेशाला जाताना फी, वसतिगृहाबरोबर एवढं विचारावं: पहिल्या महिन्यात मुलाचं इंग्रजी तपासता का, आणि तपासल्यावर पुढं काय करता?