ऊन पिंपरीत, इशारा घाटाला

मागच्या पावसाळ्यात नदीकाठच्या आमच्या एका गटात काय झालं ते आधी सांगतो. दुपारी चांगलं ऊन होतं, म्हणून पापडाचा माल खालच्याच खोलीत राहिला. पहाटे पवनेचं पाणी दारात. शिलाई मशीन कसंबसं उचललं, पण उडदाच्या पिठाची तीन पोती गेली. कर्जाचा हप्ता काही थांबला नाही. सगळ्याजणींचा एकच प्रश्न होता : आपल्याकडे पाऊसच नव्हता, मग पाणी आलं कुठून?

आलं मावळातून. पवना धरणात मावतं सुमारे साडेआठ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ २८ लाख टँकर! धरणातलं पाणी नदीत सोडतात, ते रावेतला उचलून आपल्या नळाला येतं. म्हणून जून-जुलैत धरण भरून घ्यावं लागतं. पण लवकर भरलं आणि वर घाटात मुसळधार झाली, तर दारं उघडण्यावाचून इलाज नसतो. आधीच रिकामं केलं आणि पाऊस रुसला, तर उन्हाळ्यात आपल्याच हंड्याची रांग. हा तोल सांभाळायला उद्या-परवा घाटात किती पडेल, हे कळावं लागतं.

ते काम पुण्यातच चालतं. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत शास्त्रज्ञ आभाळाचे चौकोन पाडून संगणकावर हिशेब करतात. पूर्वी एक चौकोन १२ किलोमीटरचा होता. मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टम’मध्ये तो ६ किलोमीटरचा झाला. घाटात चार-पाच किलोमीटरवर पाऊस बदलतो. लोणावळ्यात कोसळतो, तळेगावात भुरभुर. चौकोन मोठा असला की डोंगर सपाट धरला जातो आणि अंदाज चुकतो.

मोठ्या तलावांचं गणित आणखी वेगळं. आफ्रिकेतला व्हिक्टोरिया तलाव एवढा मोठा, की स्वतःचं हवामान स्वतः घडवतो. दिवसा जमीन तापते आणि वारा पाण्यावरून काठाकडे येतो. रात्री उलटं. चारी काठांचे वारे तलावाच्या मधोमध भिडतात, गरम पाण्याची वाफ वर चढते आणि वादळ उठतं. नेमके तेव्हाच मच्छीमार होडीत असतात. म्हणून तिथल्या अंदाजात पाण्याचं तापमानही धरावं लागतं. आपलं धरण त्यापुढे डबकंच, पण पाण्याची उलथापालथ इथेही होते. उन्हाळ्यात वरचं पाणी गरम आणि हलकं, तळाचं गार. थंडीत वरचं गार होऊन खाली बसतं, तळाचं वर येतं. अशा वेळी पाण्याला वास येऊ शकतो.

आता कामाचं. पुणे जिल्ह्याचा अंदाज ऐकताना ‘घाट परिसर’ हे शब्द कान देऊन ऐका. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हला. नारिंगीत दिवसाला ११५ मिलिमीटरच्या वर पाऊस धरलेला असतो. मग विसर्ग किती ते विचारा. हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ तीन टँकर, आणि ते पाणी वस्तीपर्यंत यायला काही तास लागतात. २५ जुलै २०२४ ला पुण्यात एकतानगरीत पाणी शिरलं ते खडकवासल्याच्या विसर्गाचंच.

आमच्या गटाने आता ठरवलंय. घाटाला नारिंगी लागला की माल, मशीन आणि गटाची वही माळ्यावर, मग पिंपरीत कितीही लख्ख ऊन असो. दोघीजणींकडे फोन करायची जबाबदारी दिली आहे, एक दिवसाची आणि एक रात्रीची.